एकट्या पालकाने मुलासह सोलापुरात राहायला येताना

माझी मुलगी तिसरीतून चौथीत जाणार होती, त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी पुण्याहून सोलापूरला राहायला आलो. घटस्फोटाचा निकाल लागून वर्ष झाले होते, पुण्यातले घरभाडे माझ्या एकटीच्या पगारात भागत नव्हते आणि सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात हिशेबनीस म्हणून मला काम मिळाले होते. इथे आमचे कोणीही नातेवाईक नव्हते. आल्यानंतरच्या पहिल्या चार महिन्यांत ज्या गोष्टींसाठी मला दोन-दोनदा रजा काढावी लागली, त्या आधी माहीत असत्या तर निम्म्याहून अधिक धावपळ वाचली असती. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घर बदलण्याबद्दलचे बहुतेक सल्ले घरात दोन मोठी माणसे आहेत असे गृहीत धरून दिलेले असतात. एक जण कामावर असेल तर दुसरा घरी थांबेल, एक जण दवाखान्यात असेल तर दुसरा मुलांजवळ राहील, असे त्यात न बोलता मानलेले असते. आपल्या घरात तो दुसरा माणूस नाही. त्यामुळे शाळा, घर, नोकरीची वेळ, यांपैकी कोणताही निर्णय घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: या वेळेला मी घरी नसेन, तर कोण असेल? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती मांडल्या आहेत.

१. सामान बांधण्यापूर्वी न्यायालयाचा आदेश पुन्हा वाचा

ज्यांचा घटस्फोट झाला आहे किंवा ज्यांचे प्रकरण अजून चालू आहे, त्यांच्यासाठी ही पहिली पायरी आहे. मुलाच्या ताब्याच्या आदेशात किंवा परस्पर संमतीच्या अटींत, न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला शहराबाहेर नेऊ नये, असे एखादे वाक्य असू शकते. दुसऱ्या पालकाला ठरावीक रविवारी मुलाला भेटण्याचा हक्क दिलेला असेल, तर अडीचशे किलोमीटरवर राहायला गेल्यानंतर ती भेट कशी होणार, हे आधी ठरवावे लागते. आपल्या वकिलांना आदेशाची प्रत दाखवा, गरज असल्यास रीतसर अर्ज करून परवानगी घ्या आणि दुसऱ्या पालकाची संमती असेल तर ती लेखी घ्या. फोनवरचे ‘ठीक आहे, जा’ पुढे कोणी लक्षात ठेवत नाही.

प्रकरण पुण्यात चालू असेल तर ते सोलापूरच्या न्यायालयात वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना व बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळते. प्रकरण वर्ग होईपर्यंत तारखेला पुण्याला जावेच लागते. सकाळी सोलापूरहून सुटणारी आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघणारी हुतात्मा एक्स्प्रेस त्यासाठी सोयीची आहे, परंतु परत येईपर्यंत रात्र होते. त्या दिवशी मूल कुठे थांबेल हे तारीख मिळताच ठरवून ठेवा.

२. कागदपत्रांची पिशवी वेगळी ठेवा

पुढील कागदपत्रांच्या मूळ प्रती आणि प्रत्येकी तीन झेरॉक्स एका पिशवीत घाला व ती पिशवी टेंपोत न देता स्वतःच्या हातात ठेवा:

• मुलाचा जन्म दाखला आणि आधार कार्ड
• शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांची प्रगतिपत्रके आणि मुलाचा सरल क्रमांक (शासनाच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीतील) व शाळेचा यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) लिहिलेला कागद
• लसीकरणाचे कार्ड आणि काही आजार असल्यास औषधांच्या चिठ्ठ्या
• घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत, किंवा जोडीदाराचा मृत्यू दाखला, किंवा प्रकरण न्यायालयात दाखल असल्याचा पुरावा
• मुलाच्या ताब्याचा आदेश, असल्यास
• स्वतःचे आधार, पॅन, बँक पासबुक आणि शिधापत्रिका
• नोकरीचे नेमणूकपत्र
• जातीचा दाखला, असल्यास
• दोघांचे प्रत्येकी दहा पासपोर्ट आकाराचे फोटो

निकालाची साधी झेरॉक्स अनेक ठिकाणी चालत नाही. प्रमाणित प्रत ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथूनच मिळते, म्हणून गाव सोडण्यापूर्वी निदान दोन प्रती काढून घ्या. मी एकच काढली होती आणि दुसरीसाठी मला एका दिवसाचा पगार व पुण्याची एक फेरी खर्ची घालावी लागली.

मुलाच्या सर्व कागदांवर नाव सारखेच लिहिले आहे का, हेही याच वेळी तपासा. जन्म दाखल्यावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, ही चूक जुन्या गावात दुरुस्त करणे सोपे असते, कारण जन्माची मूळ नोंद तिथे असते.

३. केव्हा यावे

शाळेचा विचार केला तर वार्षिक परीक्षेनंतर आणि जूनच्या मध्यापूर्वी यावे लागते, आणि सोलापूरचा विचार केला तर हाच काळ सर्वांत कठीण असतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान रस्ते ओस पडतात आणि पाण्याची ओढही याच दिवसांत जास्त असते. तरीही शाळेच्या वर्षाच्या मधोमध बदली करण्यापेक्षा मे महिना बरा, असे माझे मत आहे. टेंपो रात्री भरून पहाटे पोहोचेल असा ठरवा, म्हणजे उन्हे चढण्यापूर्वी सामान आत लागते. शक्य असेल तर त्याआधी, मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, दोन दिवसांची एक फेरी करा आणि शाळा व घर त्या फेरीतच पाहून घ्या.

४. आधी शाळा, मग घर

मी उलट केले. कार्यालय होटगी रस्त्याच्या बाजूला, म्हणून घर विजापूर रोडच्या परिसरात पाहिले, आगाऊ रक्कम देऊन टाकली आणि मग शाळा शोधायला निघाले. मनाजोगती शाळा शहराच्या मध्यभागी मिळाली. पहिले वर्षभर रिक्षाकाकांच्या वेळेवर आमचा सगळा दिवस अवलंबून राहिला आणि रिक्षा आली नाही त्या दिवशी माझी अर्धी रजा जात असे. एकट्या पालकाने शाळा आणि घर यांत दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, मग स्वतःला कामावर जायला अर्धा तास लागला तरी चालेल. मोठ्या माणसाला उशीर झाला तर तो फोन करू शकतो; आठ वर्षांचे मूल फाटकाशी उभे राहते.

सोलापुरात मराठी, इंग्रजी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या शाळा आहेत. हरिभाई देवकरण आणि सेवासदन यांसारख्या जुन्या प्रशाला शहराच्या मध्यवर्ती भागात आहेत, तर जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या वाढत्या भागांत नव्या शाळा अधिक आहेत. शाळेत गेल्यावर पुढील गोष्टी आवर्जून विचारा:

शाळा एका सत्रात भरते की दोन, आणि आपल्या मुलाची इयत्ता सकाळच्या सत्रात आहे की दुपारच्या? उन्हाळ्यात शाळा सकाळची होते का? हा दुसरा प्रश्न मी विचारला नव्हता. उन्हाचा कडाका वाढला की अनेक शाळा सकाळच्या होतात, मूल दुपार होण्यापूर्वीच घरी येते आणि आपले कार्यालय मात्र संध्याकाळपर्यंत असते. वर्षभर बसवलेली घडी त्या काही आठवड्यांत पूर्णपणे बदलते. शाळेत मुलाला न्यायला कोण येऊ शकते याची नोंद कशी होते, हेही विचारा आणि आपल्याखेरीज आणखी दोन विश्वासू माणसांची नावे फोटोसह लेखी द्या. दुसऱ्या पालकाला मूल नेण्याची परवानगी आहे की नाही, हे ताब्याच्या आदेशाची प्रत देऊन मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा. हे सांगताना अवघड वाटते, तरी शिक्षकांना ते माहीत असणे मुलाच्या हिताचे आहे.

दाखल्याबद्दल एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. शाळा सोडल्याचा कागदी दाखला मिळाला म्हणजे काम संपले असे होत नाही. जुन्या शाळेने विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंदही नव्या शाळेकडे पाठवावी लागते. आमच्या जुन्या शाळेने दाखला दिला, पण नोंद सोडली नाही. मे महिन्यात तिथले कार्यालय बंद होते, जूनमध्ये फोन लागत नव्हता आणि इथल्या शाळेच्या पटावर मुलीचे नाव पक्के होईना. दाखला घेतानाच लिपिकांना नव्या शाळेचा यू-डायस क्रमांक द्या आणि विनंती आली की नोंद कोण मंजूर करणार, त्यांचे नाव व फोन क्रमांक लिहून घ्या.

दाखल्याला उशीर झाला तरी घाबरू नका. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या गावी जाऊन सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे आणि दाखला उशिरा मिळतो एवढ्या कारणावरून तिथे प्रवेश नाकारता येत नाही. याच कायद्यातील २५ टक्के राखीव जागांसाठी घटस्फोटित आणि विधवा मातांच्या मुलांचाही विचार होतो, परंतु या जागा फक्त शाळेच्या प्रवेशस्तरावरील वर्गासाठी असतात. तिसरी-चौथीच्या मुलाला त्यांचा उपयोग होत नाही. मूल अजून बालवाडीत असेल तर मात्र इथे येताच नोंदणीकृत भाडेकरार करून ठेवा, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तो लागतो आणि अर्ज भरण्याच्या तारखेपूर्वीचा असावा लागतो.

५. घर पाहताना पाण्याचे विचारा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने, भीमा नदीवरील टाकळीहून आणि हिप्परगा तलावातून शहराला पाणी मिळते आणि ते भागाभागाला काही दिवसांआड सोडले जाते. तीन, चार किंवा पाच दिवसांनी पाणी येणे इथे नेहमीचे आहे. पुण्या-मुंबईहून येणाऱ्याला हे ऐकून माहीत असते, पण त्याचा अर्थ घर चालवायला लागल्यावरच कळतो.

आमचा पहिला पाण्याचा दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. घरमालकीणबाईंनी सांगितले होते की बुधवारी सकाळी पाणी येईल. मी पाच वाजता उठले, बादल्या, घागरी, पिंप घासून ठेवले आणि नळ उघडा ठेवून बसले. आठ वाजले, नऊ वाजले, नळातून नुसती हवा येत होती. साडेनऊला मी नळ तसाच ठेवून कामावर निघाले. दुपारी अडीचला मालकीणबाईंचा फोन आला: ‘‘अक्का, पाणी आलंय, तुमचा नळ उघडा राहिलाय, मोरीतून वाहून चाललंय.’’ तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात आयुष्य घालवलेल्या त्या बाईंच्या तोंडी ताईऐवजी अक्का येत असे. घराची एक किल्ली त्यांच्याकडे होती म्हणून त्यांनी आत जाऊन सगळी भांडी भरली. नाहीतर पुढचे चार दिवस आम्ही दोघी टँकरच्या मागे लागलो असतो.

म्हणून घर पाहायला गेल्यावर खोल्या मोजण्यापूर्वी हे विचारा:

• या गल्लीत पाणी किती दिवसांनी येते आणि शेवटचे केव्हा आले होते?
• किती वाजता येते? रात्री-अपरात्री येते का?
• जमिनीखाली हौद आहे का, आणि तो किती लिटरचा आहे?
• नळाचे पाणी हौदात आपोआप पडते, की कोणी येऊन नळ उघडावा लागतो?
• हौदातून वरच्या टाकीत चढवायला मोटर आहे का, तिचे बटण कोणाच्या ताब्यात असते आणि वीजबिल कसे वाटले जाते?
• बोअर आहे का, आणि मे महिन्यात तिला पाणी असते का?

या प्रश्नांची उत्तरे मालकाकडून घ्याच, पण शेजारच्या दोन घरांतही विचारा. हौद असलेले आणि पाणी त्यात आपोआप पडणारे घर थोडे महाग असले तरी तेच घ्या. दोन माणसांच्या घरात एक जण पाण्यासाठी थांबू शकतो; आपल्याला पाण्यासाठी रजा काढणे परवडत नाही. फ्लॅट घेणार असाल तर इमारतीची टाकी कोण भरतो आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी निघते का, एवढे विचारले तरी पुरते. राहायला गेल्यावर आपल्या भागात पाणी सोडणाऱ्या महापालिकेच्या चावीवाल्याची ओळख करून घ्या. वेळ बदलली की सर्वांत आधी त्यालाच कळते.

भाग कोणता निवडावा, याचे एकच उत्तर नाही. जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड या भागांत रस्ते रुंद आणि घरे नवी आहेत, परंतु संध्याकाळनंतर काही वसाहतींत शुकशुकाट असतो. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक यांसारख्या पूर्व भागातील वस्त्यांत यंत्रमागांचा आवाज दिवसभर असतो, गल्ल्या अरुंद आहेत, पण तिथे दार उघडे ठेवून बसणारी माणसे आहेत. रेल्वे लाईन्स, सात रस्ता या मध्यवर्ती भागांतून दवाखाने, स्टेशन आणि शाळा जवळ पडतात. एकट्या पालकाला माझा सल्ला असा की, ज्या गल्लीत दुपारी दोन वाजता दोन-चार दारे उघडी दिसतात तिथे घर घ्यावे. त्यासाठी घर दुपारी दोनला जाऊन पाहावे लागते, संध्याकाळी नव्हे.

६. घरमालकाशी बोलणे आणि भाडेकरार

‘‘मिस्टर काय करतात?’’ हा प्रश्न प्रत्येक घरी येईल. पहिल्या दोन घरांत मी गडबडून ‘‘ते पुण्यात असतात’’ असे सांगितले आणि नंतर ते खोटे माझ्याच अंगाशी आले असते हे माझ्या लक्षात आले. तिसऱ्या घरी मी सरळ सांगितले: ‘‘माझा घटस्फोट झालाय. मी आणि मुलगी दोघीच राहणार. घर माझ्या पगारावर चालतं, हे माझं नेमणूकपत्र.’’ त्या घरात आम्ही आजही राहतो. नकार मिळणार असेल तर तो सामान आत लागण्यापूर्वी मिळालेला बरा. एकट्या वडिलांना ‘‘फॅमिलीलाच देतो’’ हे वाक्य अधिक ऐकावे लागते. अशा वेळी घर पाहायला मुलाला बरोबर न्यावे, कारण मालकाच्या डोळ्यासमोर मूल असले की एकट्या पुरुषाबद्दलची शंका पुष्कळ कमी होते.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी बंधनकारक आहे आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ती करण्याची जबाबदारी घरमालकावर असते. प्रत्यक्षात अनेक मालक पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून भागवू पाहतात. ते मान्य करू नका. नोटरी केलेला कागद शाळेचा प्रवेश, आधार, योजना यांपैकी कशाला तरी नाकारला जातो आणि सगळे पुन्हा करावे लागते. ऑनलाइन नोंदणीत दोघांचे आधार, पॅन आणि दोन साक्षीदार लागतात. एजंट घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १००० रुपये आहे, मुद्रांक शुल्क व एजंटचे पैसे वेगळे. हा खर्च मालक देत नसेल तर निम्मा आपण उचलावा, पण नोंदणी सोडू नये. करारात अनामत रकमेचा आकडा, ती परत करण्याची मुदत आणि पाणी व मोटरची सोय कोणाची, हे तिन्ही स्पष्ट लिहून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचे कामही मालकाकडून वेळेवर करून घ्या.

७. शाळा सुटल्यापासून आपण घरी येईपर्यंत

पुण्यात पाळणाघराची पाटी गल्लीगल्लीत दिसते. इथे अशा पाट्या कमी आहेत, कारण बहुतेक घरांत आजी-आजोबा किंवा काकू असतात. मुले सांभाळण्याची सोय असते, पण ती घरगुती असते आणि ओळखीतूनच सापडते. शाळेतील इतर पालक, मुलाच्या वर्गशिक्षिका, घरकामाच्या मावशी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, या चौघांना विचारा. दुकानदाराला मी सहज म्हणाले होते की दुपारी मुलीला कुठे ठेवायचे हा प्रश्न आहे, आणि त्यांनीच शेजारच्या गल्लीत शिकवणी घेणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे घर दाखवले.

पैसे ठरवूनच घ्या. ‘‘असू द्या हो, लेकरू काय जड आहे का’’ असे समोरचे म्हणतील आणि मनापासून म्हणतील, पण महिनाभर रोज चार तास मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्याचा मोबदला दिला की आपल्यालाही हक्काने काही सांगता येते. सोबत लेखी द्या: मूल काय खाते, कोणते औषध चालत नाही, कोणाबरोबर पाठवायचे आणि कोणाबरोबर नाही. पहिला आठवडा वेगवेगळ्या वेळी, न सांगता, स्वतः जाऊन या. मुलाला त्या घरात कोणाच्या वागण्याने अवघडल्यासारखे होते का, हे रोज रात्री निवांतपणे विचारा आणि त्याने नको म्हटले तर कारण मिळाले नाही तरी ते घर सोडा. बालकांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक मुलाला पाठ करून घ्या.

मूल सहा वर्षांखालील असेल तर जवळच्या अंगणवाडीत नाव घाला. तिथली वेळ थोडी असते, पण आहार, वजन आणि लसीकरण यांकडे लक्ष राहते आणि अंगणवाडी सेविकेला सगळी वस्ती माहीत असते.

८. पत्ता बदलण्याची कामे

नोंदणीकृत करार हातात आला की प्रथम स्वतःचा आधारवरील पत्ता ऑनलाइन बदलून घ्या. मुलाचा पत्ता कुटुंबप्रमुख म्हणून आपल्या आधारच्या आधारे बदलता येतो. मुलाची पाच आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले असेल तर त्याच वेळी केंद्रात जाऊन करा.

गॅसची जोडणी दुसऱ्या गावी नेताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) घ्यायचे असते. ते दाखवून इथे नवी जोडणी मिळते. सिलिंडर टेंपोत घालून आणू नका. शिधापत्रिका लगेच बदलली नाही तरी, अन्नसुरक्षेतील कार्ड असेल तर त्यावरचे धान्य इथल्या रास्त भाव दुकानातही घेता येते. घटस्फोटानंतर नाव अजून सासरच्या कार्डावर असेल, तर ते कमी केल्याचा दाखला जुन्या गावातूनच आणावा लागतो. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा. एमएच-१२ ची दुचाकी इथे चालते, परंतु बदललेला पत्ता परिवहन कार्यालयाला कळवावा लागतो.

भविष्य निर्वाह निधी, विमा आणि बँक खात्यांवरील वारसाचे नाव अनेक जण बदलायचे विसरतात. मूल अठरा वर्षांखालील असेल तर त्याच्या नावापुढे रक्कम सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाचे नाव द्यावे लागते. ते कोणाचे असावे यावर शांतपणे विचार करा आणि त्या व्यक्तीला विचारूनच द्या.

९. शासनाच्या योजना

एक पालक असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दरमहा २२५० रुपये मिळतात आणि आई किंवा वडील, कोणीही एकटे असले तरी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा. मंजुरी बालकल्याण समिती देते आणि त्यासाठी मुलाला घेऊन समितीसमोर जावे लागते. मुलाला आधीच सांगून ठेवा की तिथल्या ताई-काका अभ्यासाबद्दल आणि घराबद्दल विचारतील, घाबरायचे कारण नाही. माझी मुलगी त्या खोलीत माझा पदर धरून उभी होती. समितीतल्या एका बाईंनी तिला जवळच्या खुर्चीवर बसवून शाळेत आवडता तास कोणता असे विचारले, तेव्हा ती बोलू लागली.

उत्पन्न अगदीच कमी असलेल्या विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. दोन्ही ठिकाणी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, मुलाचे बोनाफाईड आणि बँक पासबुक जवळ ठेवा. कार्यालयाबाहेर ‘‘काम लवकर करून देतो’’ म्हणणारी माणसे भेटतात. त्यांना पैसे देऊ नका, मूळ कागद तर मुळीच देऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि तारीख घालून ठेवा.

१०. आजारपण आणि रात्रीची वेळ

पहिल्या आठवड्यातच, मूल आजारी नसताना, जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन नाव नोंदवून या. रात्री ते उपलब्ध असतात का आणि नसले तर कुठे पाठवतात, हे विचारून ठेवा. शासकीय उपचारांसाठी छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे, ज्याला रिक्षावाले सिव्हिल म्हणूनच ओळखतात. त्याखेरीज अश्विनी सहकारी रुग्णालय आणि मार्कंडेय रुग्णालय ही मोठी, जुनी रुग्णालये शहरात आहेत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलीला रात्री दीडला १०३ ताप चढला. बाहेर पाऊस होता, दुचाकीवर तापलेले मूल मागे बसवता येत नाही आणि रिक्षा कोणाला बोलावावी हे मला माहीत नव्हते. मालकीणबाईंच्या मुलाने ओळखीचे एक रिक्षावाले मामा उठवून आणले. दुसऱ्या दिवशी मी एका कागदावर पाच क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावले: रात्री येणारे रिक्षावाले मामा, बालरोगतज्ज्ञ, मालकीणबाई, शिक्षिकाबाई आणि ११२. स्वतः मीच आजारी पडले तर मुलीने यातला कोणता फोन आधी लावायचा, याची आम्ही दोनदा तालीम केली. रुग्णालयात भरती व्हावे लागले तर मुलाला सांभाळायला आणि अर्जावर सही करायला कोण येईल, त्या व्यक्तीशी आजच बोलून ठेवा आणि तिच्याकडे आपल्या विमा पॉलिसीची प्रत द्या.

११. पहिल्या वर्षातील काही तारखा

जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच मानाच्या काठ्यांच्या) मिरवणुकीच्या दिवशी मध्यवर्ती भागातील वाहतूक वळवली जाते, त्यामुळे शाळेची रिक्षा येणार का हे आदल्या दिवशी विचारा. यात्रेनिमित्त भरणारी जत्रा, जिला इथे गड्डा म्हणतात, मुलांना फार आवडते. गर्दीत जाताना मुलाच्या खिशात आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घाला.

फेब्रुवारीत मुख्याध्यापकांना भेटून उन्हाळ्यातील सकाळच्या शाळेचे वेळापत्रक विचारा आणि त्या आठवड्यांची सोय शिक्षिकाबाईंशी किंवा जिथे मूल थांबते तिथे तेव्हाच ठरवा. कार्यालयातही त्या काळासाठी तास-दोन तास लवकर येऊन लवकर निघण्याची परवानगी लेखी मागा. मला ती मिळाली, कारण मी मार्चची वाट न पाहता फेब्रुवारीतच अर्ज दिला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पाच-सहा आठवडे हा याहून मोठा प्रश्न असतो. आजोळ असेल तर मुलाला तिकडे पाठवण्याची तिकिटे मार्चमध्येच काढा.

भाडेकराराचा नववा महिना लागला की मालकांशी पुढच्या कराराचे बोलणे सुरू करा. नवा करार जुना संपण्यापूर्वी नोंदवला गेला तर पत्त्याच्या पुराव्यात खंड पडत नाही. त्या वेळी पाण्याच्या अटी पुन्हा वाचून घ्या, कारण वर्षभरात मोटर, हौद किंवा पाणी येण्याची वेळ यांपैकी काहीतरी बदललेले असते, आणि घराची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवली आहे हेही त्या माणसाला पुन्हा एकदा विचारून पक्के करा.